सोड

"सोड!" मी ओरडलो. "हात सोड, बिरू! सोड!"

बिरूने काही सोडलं नाही. दोन्ही ग्लोव्हज गालांना चिकटवून, कोपरं पोटाशी आवळून तो थंडीत घोंगडं गुंडाळून बसलेल्या म्हाताऱ्यासारखा उभा राहिला आणि समोरचा जाधवांचा पोरगा त्याला मनसोक्त बडवत राहिला. शेवटी मीच वैतागून शिट्टी फुंकली. बिरूने ग्लोव्हज खाली केले. नाकाचा शेंडा लालभडक झालेला, आणि चेहऱ्यावर हसू.

"मारलं का न्हाईस?"

"लागंल की त्येला, फौजी."

सगळी पोरं खो खो हसली. कुस्तीच्या हौद्याच्या कडेला पोरांकडून माती उकरून घेत बसलेले केरबा वस्तादसुद्धा हसले. मला म्हणाले, "तुझं हे ठोसाठोशीचं काम ह्या पोराला झेपायचं न्हाई गड्या. द्येव मानूस हाय त्यो."

तालीम केरबा वस्तादांची. मी नुकताच फौजेतून पेन्शनीत निघून गावी आलो होतो. पलटणीत असताना बॉक्सिंग खेळलो होतो. फार मोठं काही नाही, पण नाक दोनदा मोडण्याइतपत. गावात कुस्तीला येणारी पोरं कमी होत चालली होती, म्हणून वस्तादांनी तालमीमागची सरपणाची शेड मला दिली. नाहीतर बॉक्सिंग म्हणजे त्यांच्या मते पंचांच्या साक्षीने केलेली मारामारी. मी शेडमध्ये वाळूचं पोतं टांगलं, फौजेतल्या मित्राकडून जुने ग्लोव्हज मागवले आणि शिकवायला लागलो. पण तालमीत वस्ताद एकच असतो. पोरं मला फौजी म्हणायची. खोटं कशाला सांगू, ते मला सलायचं.

आणि 'सोड' हा माझा शब्द. पलटणीतले आमचे हरियाणाचे उस्ताद रिंगबाहेरून 'छोड, छोड' असं ओरडायचे. म्हणजे ठोसा सोड, हात मोकळा कर. तेच मी मराठीत आणलं. पोरांना तो शब्द इतका आवडला की गिरणीत, पाणवठ्यावर, शाळेच्या रांगेत बिरू दिसला की कुणीतरी हाळी द्यायचंच, "ए बिरू, सोड की!"

बिरू म्हणजे सिदू कोळेकराचा पोरगा. मेंढपाळाचं घर. अंगाने काटकुळा, पण हात असे लांब की एखाद्या थोराड माणसाचे चुकून त्याला बसवलेत असं वाटावं. मेंढरांमागे चालून चालून पाय तयार झालेले. दम म्हणून लागायचा नाही. समोरच्याचा ठोसा कुठून येणार हे त्याला आधीच कळायचं, कदाचित जनावरांत वाढल्यामुळे असेल. सगळं होतं पोराकडे. फक्त मारायचा नाही.

दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी सिदू आला. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडं. तालमीच्या उंबऱ्याबाहेरच बसला. आत या म्हटलं तरी आला नाही.

"यात्रा झाली की मेंढरं घिऊन किष्णाकाठाला जायाचं हाय," तो म्हणाला. "पोरगं संगं न्यायाचं हाय, त्ये सांगायला आलोय."

"त्याची शाळा?"

"शाळंत काय करतंय? आन् हितं तरी काय करतंय? गावात सांगत्यात, मार खातंय म्हनून."

मी म्हणालो, "सिदूबा, यात्रेत मैदान आहे. बिरूला उतरवतो. तुम्ही स्वतः येऊन बघा. पोरात काही दिसलं तर ठेवा माझ्यापाशी, नाहीतर न्या."

सिदूने पोराकडे पाहिलं. बिरू मारुतीच्या फोटोखाली उभा राहून पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता.

"बगू," सिदू म्हणाला. "पर पोराला जपा."

"माझी जबाबदारी," मी म्हणालो. फौजेत सवयच लागते तसं म्हणायची.

यात्रेला फार अवकाश नव्हता. मी बिरूला ओरडून पाहिलं, चिडवून पाहिलं, एकदा तर स्वतः समोर उभा राहून म्हटलं, मार मला. त्याने माझ्या पोटाला ग्लोव्हज नुसते टेकवले. मग एक दिवस पोरं ओढ्याकाठी पळायला गेली असताना मी त्याला गोफण फिरवताना पाहिलं. दगड सणसणत मेंढरांच्या पुढ्यात पडला आणि सगळा कळप वळला.

"मेंढराला लागला का रे?"

"लागंल कशाला? फुडं टाकायचा. त्ये आपसुक वळतंय."

"मग रिंगणात तेच कर. माणसाला मारू नकोस. गोफणीचा दगड सुटतो तसा हात सोड आणि त्याला वळव."

बिरूने बराच विचार केला. "तुमी सांगायचं कवा सोडायचा त्ये."

त्या दिवसापासून जादू झाली. मी 'सोड' म्हटलं की डावा हात सपकन् सुटायचा आणि त्याच्यामागून उजवा. जाधवांचा पोरगा पहिल्यांदाच खाली बसला तेव्हा बिरूच धावत जाऊन त्याला उचलायला लागला. पण माझ्या आवाजाशिवाय हात सुटायचा नाही. मी गप्प राहिलो की पुन्हा घोंगड्यातला म्हातारा.

"लढतीत मला बोलता येणार नाही," मी त्याला बजावलं. "फेरी चालू असताना कोपऱ्यातून आवाज आला तर पंच तुलाच बाद करतील. मधल्या विश्रांतीत सांगेन तेवढंच."

"तेवढं बास," बिरू म्हणाला. "तुमी सोड म्हना, मी सोडतो."

यात्रा करंजवडीची. देवळामागच्या माळावर कुस्त्यांचं मैदान, आणि त्याच्या शेजारी ह्या वर्षी पहिल्यांदाच बॉक्सिंगची रिंग. रिंग म्हणजे ट्रॅक्टरच्या चार ट्रॉल्या जोडून वर फळ्या ठोकलेल्या, त्यावर मांडववाल्याच्या गाद्या, आणि चारी बाजूंनी कापड गुंडाळलेले दोर. पंच म्हणून तालुक्याच्या शाळेतले खेळाचे मास्तर होते. नियम त्यांना ठाऊक होते, पण भोवतालच्या गर्दीला नव्हते. गर्दी सगळी कुस्तीची. फेटे, टोप्या, खांद्यावर टॉवेल, आणि प्रत्येकाच्या तोंडात सल्ला.

समोरच्या, निळं फडकं बांधलेल्या कोपऱ्यात उतरलेला पोरगा मी पाहिला. वजन बिरूएवढंच, पण मिसरूड फुटलेलं आणि मान खांद्यात रुतलेली. मी मास्तरांकडे गेलो. "हे पोरगं वयाने मोठं दिसतंय."

"वजन बसतंय ना? झालं तर मग," मास्तर म्हणाले. "नको असेल तर तुमचं पोरगं काढून घ्या."

मी मागे वळून पाहिलं. सिदू अगदी रिंगला खेटून, आमच्या कोपऱ्याच्या खाली उभा होता. कधी नव्हे ते त्याने धुतलेला सदरा घातला होता. मी काढून घेतलं नाही. त्याक्षणी कुणीही घेतलं नसतं.

बिरूने रिंगमध्ये जाऊन गादीला हात लावून कपाळाला लावला आणि ग्लोव्हज घातलेल्या हातांनी शड्डू ठोकला. ठप्प असा आवाज आला. माळ हसला. केरबा वस्ताद माझ्यासोबत कोपऱ्यात होते. ते म्हणाले, "असूं दे. आपल्या तालमीचं हाय म्हनून कळलं लोकास्नी."

पहिली फेरी बिरू नुसता हुलकावण्या देत राहिला. निळा पोरगा हवेत मारून मारून घामाघूम झाला. विश्रांतीत मी बिरूच्या तोंडातून दातांचं रबर काढलं, पाणी दिलं आणि कानाशी म्हणालो, "आता सोड."

दुसऱ्या फेरीत त्याने सोडलं. डावा सपकन् गेला, उजवा मागून. निळ्याचं डोकं मागे गेलं आणि माळावरची माणसं उभी राहिली. केरबा वस्तादांनी माझी मांडी इतक्या जोरात दाबली की मी कळवळलो. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की मी कुणालातरी काही शिकवलंय.

मग निळा पोरगा चिडला. बिरूचा डावा परत येण्याआधीच त्याचा उजवा वरून आला आणि बिरूच्या कानावर बसला. बिरू एका गुडघ्यावर गेला. पंच मोजायला लागले. बिरू उठला, मान हलवली, ग्लोव्हज गालांना लावले आणि पुन्हा घोंगड्यात शिरला. उरलेली फेरी तो मार खात राहिला. डोक्यावर, कानावर, पुन्हा डोक्यावर. मी कोपऱ्यात बसून होतो. हात मांड्यांखाली दाबून धरले होते, ओठ मिटले होते. एक शब्द बोललो असतो तर पोरगं बाद, आणि पोरगं बाद झालं तर मेंढरांमागे, असा हिशेब डोक्यात घुमत होता. घंटा होईपर्यंत मी तसाच बसलो.

बिरू स्टुलावर येऊन टेकला. मी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. तो माझ्याकडे बघत होता, पण नजर माझ्या कानामागे कुठेतरी. एक डोळा जरा उशिरा वळत होता.

"बिरू, गाव कुठलं आपलं?"

"कुनाचं?"

 खालून सिदूने माझा पाय धरला. त्याने पटका काढून हातात घेतला होता.

"फौजी, सोडवा की आता," तो म्हणाला. "बरोबरीत सोडवा. काय बिगडत न्हाई."

कुस्तीत असतं तसं. दोन पैलवान अडकून बसले की पंच उठतात, दोघांना सोडवतात, दोघांचे हात वर करतात, आणि दोघंही मानाने घरी जातात. बॉक्सिंगमध्ये अशी दया नसते हे सिदूला कुठून माहीत असणार? पण त्याचं बरोबर होतं. थांबवायलाच हवं होतं. बाद तर बाद. सिदूचाच शब्द माझ्या जिभेवर आला.

"बिरू, ऐक माझं," मी म्हणालो. "लई झालं. आता सोड."

त्याने डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. "सोडू?"

"सोड बाळा. सोड."

तो हसला. त्याचा सगळा चेहरा सैल झाला. मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं. मी मास्तरांना हात करायला वळलो. ते पलीकडे टेबलावरच्या माणसाशी बोलत होते. मी "मास्तर!" म्हणून हाक मारली. तेवढ्यात घंटा झाली. मी मागे वळलो तर स्टूल रिकामं. केरबा वस्तादांनी ते उचलून खाली घेतलं होतं आणि बिरू रिंगच्या मध्यावर पोचला होता.

त्याने डावा सोडला.

मग उजवा. मग पुन्हा डावा. मी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. गालाला हात लावणं नाही, हुलकावणी नाही, छाती उघडी टाकून तो गोफणीसारखे हात फिरवत होता. निळ्याचे ठोसे सरळ तोंडावर येत होते आणि त्याला त्याचं भानच नव्हतं. मी सोड म्हणालो होतो ना. तो सोडत होता.

"थांब!" मी ओरडलो. "बिरू, थांब! तसं न्हाई!"

माळ पेटला होता. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मी दोरांना धरून वर चढायला लागलो तर केरबा वस्तादांनी मागून सदरा धरून मला खाली ओढलं. "खुळा झालास का? पोरगं मारतंय! बाद करशील त्येला!"

"वस्ताद, त्याला दिसत न्हाई नीट! सोडा मला!"

"आरं बस!"

मी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि रिंगमध्ये फेकला. बॉक्सिंगमध्ये कोपऱ्यातून टॉवेल पडला की लढत संपली. जगभर तोच कायदा. पण टॉवेल हवेत असतानाच बिरूचा उजवा निळ्याच्या हनुवटीवर बसला आणि ते पोरगं धप्पकन् खाली आलं. आणि माळावरच्या माणसांनी, वर्षानुवर्षं कुस्ती निकाली झाल्यावर करतात तेच केलं. फेटे उडाले, टोप्या उडाल्या, खांद्यावरचे टॉवेल उडाले. चारी बाजूंनी रिंगमध्ये कापडांचा पाऊस पडला. माझा टॉवेल त्यात कुठला हे मलाही सांगता आलं नसतं. मास्तरांनी दोनचार टॉवेल पायाने बाजूला सारले आणि पडलेल्या पोरावर वाकून मोजायला लागले.

बिरू जिंकला.

त्याचा हात वर झाला आणि लोकांनी दोरांवरूनच त्याला उचललं. गुलाल उधळला. मी गर्दीत शिरलो. "डॉक्टर कुठं आहेत? खाली उतरवा त्याला!" असं ओरडत होतो आणि लोक माझ्याही तोंडाला गुलाल फासत होते. कुणीतरी मला मिठी मारली. खांद्यांवरून बिरूने मला पाहिलं. मान एका बाजूला कलली होती.

"वस्ताद!" तो ओरडला. "वस्ताद, सोडलं!"

पहिल्यांदाच त्याने मला वस्ताद म्हटलं. मला ते नको होतं.

नारळाच्या दुकानापाशी त्यांनी त्याला उतरवलं तेव्हा मी पोचलो. तो गवतावर बसला. "डोस्कं जड झालंय. जरा पडू का?" म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता आडवा झाला.

मिरजेच्या रस्त्याने जीप चालली होती. सिदूने पोराचं डोकं मांडीवर घेतलं होतं. "दमलंय," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "दमून झोपलंय." मी बिरूच्या गालावर थापटत होतो. झोपू नकोस, ऊठ, डोळे उघड, माझ्याकडे बघ. ज्या पोराचा हात माझ्या एका शब्दावर सुटायचा, त्याने आता एकही ऐकला नाही. जीपवाल्याला अजून जोरात घे म्हणण्यापलीकडे मला काही करता येत नव्हतं, आणि तो बिचारा जेवढी पळवता येईल तेवढी पळवतच होता.

डोक्यात रक्त साकळलं होतं. डॉक्टरांनी कवटी उघडली. त्यानंतर आम्ही दोघं दवाखान्याच्या व्हरांड्यात किती बसलो ते आता आठवत नाही. सिदूने एकदाही मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. बाहेरून चहा आणला की तो आधी माझ्या हातात द्यायचा.

एका सकाळी बिरूने डोळे उघडले. ओठ हलायला लागले. आम्ही दोघं वाकलो. शब्द येता येत नव्हता. घशातून नुसता सू, सू असा आवाज. मग आला.

"सोडलं... न्हवं?"

"सोडलंस," मी म्हणालो.

सिदूने माझा हात धरून आपल्या कपाळाला लावला. "मी मागंच हुतो की," तो रडत रडत म्हणाला. "ऐकलं म्या. तुमी सोड म्हनालासा, वस्ताद. तुमी सोड म्हनालासा म्हनून पोरगं जितलं."

मी बोलायला तोंड उघडलं. सिदूबा, तुम्ही जे म्हणालात तेच मी म्हणालो होतो, एवढंच सांगायचं होतं. बिरू माझ्याकडे बघत होता. तोंडाची एक बाजू हलत नव्हती, दुसऱ्या बाजूने तो हसत होता. मी तोंड मिटलं.

मेंढरं त्या वर्षी त्याच्याशिवायच गेली आणि नंतरही त्याच्याशिवायच जात राहिली. त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. पाय ओढत चालतो. बोलताना शब्द शोधावा लागतो. केरबा वस्ताद गेले. तालमीला आता वस्ताद मी आहे.

बिरू रोज संध्याकाळी येतो आणि उंबऱ्यावर, त्याचा बाप त्या संध्याकाळी बसला होता तिथेच बसतो. नवीन पोरं आली की त्यांना ती लढत सांगतो. सांगायला फार वेळ लागतो, पण पोरं ऐकतात. मी माझ्यापुरता शब्द बदलला आहे. आता मी 'मार' म्हणतो, 'चल' म्हणतो. काही उपयोग झाला नाही. पोरांनी त्याच्याकडून तोच उचलला.

परवा एक नवखं पोरगं ग्लोव्हज तोंडाला लावून भिंतीपाशी मार खात उभं होतं. मी शिट्टी तोंडाला लावली, तेवढ्यात उंबऱ्यावरून आवाज आला.

"सोड!"

पोराचा डावा सपकन् सुटला. समोरचा मागे कोलमडला. सगळी पोरं ओरडली. बिरूने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. एक डोळा नेहमीसारखा जरा उशिरा आला.

"बरुबर... न्हवं, वस्ताद?"

"बरोबर," मी म्हणालो.